मामा फोटो बघतात

कोल्हापुरात फोटो काढणाऱ्यांना तोटा नाही. म्हशीच्या वाढदिवसापासून लग्नाच्या वरातीपर्यंत इथलं कुठलंही कार्य फोटोशिवाय पार पडत नाही. पण काढलेला फोटो खरोखर बघणारा माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांना मिळून एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तुम्ही-आम्ही फोटो अंगठ्याने पुढे ढकलतो. मामा फोटोत मुक्कामाला जातात. फोन हातात आला की आधी सदऱ्याच्या टोकाने काच पुसायची, मग हात लांब करून बघायचं, मग नाकाजवळ आणून आणि शेवटी फोन चक्क उलटा धरून. उलटा कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पावणं, सुलटं धरलं की माणूस ओळखीची तोंडं बघतंय. उलटं धरलं की फोटो बघतंय." स्वतः मामांनी मात्र जन्मात एक धड फोटो काढलेला नाही. आमच्या लग्नात त्यांनी हौसेने काढलेल्या फोटोंमध्ये नवरा-नवरीपेक्षा त्यांचं बोट जास्त ठळक आलं आहे. त्याचीही त्यांना खंत नाही. "मला काढता येत न्हाई, म्हणून तर मी नीट बघतो," असं त्यांचं सरळ म्हणणं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसायला सुरुवात केली आणि बघता बघता तिथे हौशी मंडळींचा दरबार भरू लागला. एक दंतवैद्य, एक चपलांचे दुकानदार, कॉलेजच्या दोन-तीन मुली, आणि जावई म्हणून सक्तीचा मी. मामांची पद्धत ठरलेली. आधी चांगलं काय ते सांगायचं. "उजेड झ्याक गावलाय!" हे वाक्य ऐकून माणूस फुलला की हळूच विचारायचं, "आता एवढंच सांग, ह्यात तुला दावायचं काय हुतं?" या प्रश्नापुढे भलेभले गारद व्हायचे. दुकानदार दर रविवारी रंकाळ्यावरचा सूर्यास्त घेऊन यायचे. एका रविवारी मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शेठ, ह्यो सूर्य रोजच मावळतोय. तुमी न्हवता तवाबी मावळत हुता. तुमी गेलता म्हणून काय निराळं झालं, तेवढं दावा की." दुकानदार पुढचे दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्याला आले ते सूर्याकडे पाठ करून काढलेला फोटो घेऊन: मावळतीचा उजेड तोंडावर घेऊन भेळ खाणारं एक अख्खं कुटुंब. मामांनी कट्ट्यावरच त्यांना मिठी मारली.

मी राधानगरीला जाऊन धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोटो आणला होता, दाट तुषारांचा वगैरे. मामांनी उलटा-सुलटा करून पाहिला आणि कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. छत्री खांद्यावर टाकून, धरणाकडे ढुंकूनही न बघता, एक बाई मक्याचं कणीस खात होती. "हिचा फोटो हुता की ओ ह्यो! धरण काय पळून जातंय व्हय? कणीस संपतंय." तेव्हापासून कुठेही फोटो काढताना मला आधी कणीस खाणारी बाई शोधायची सवय लागली आहे. बायकोला ती पसंत नाही.

लग्नकार्यात मामांना आवरणं हे एकाचं काम नव्हे. एकदा ते थेट स्टेजवर चढले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "जरा म्होरं सरका. नवरी तिच्या आईकडं बघतीया, ते घ्या. आमी काय, आमी आहेरापुरतं आलोय." मागे पाहुण्यांची रांग मांडवाबाहेर गेली होती. फोटोग्राफर हात जोडून म्हणाला, "पावणं, पहिली पंगत बसलीया, तेवढं जेवून घ्या." मामा जेवायला गेले, पण जाताना नवरीच्या आईला स्टेजजवळ नेऊन उभं करूनच.

गडमुडशिंगीला त्यांचे एक जुने मित्र वारले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो. मामा त्याच्याकडे टक लावून बघायला लागले तशी मी त्यांची बाही ओढू लागलो. पण बाण सुटलाच. "वैनी, ह्येच्यात आमचा गडी आखडलाय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि ती बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "व्हय ओ भावजी. त्यो ओळखपत्राचा हाय. असं गप कवा बसलं हुतं ते?" मग सुनेचा फोन निघाला, मुलाचा निघाला, आणि मामांना मधे बसवून सगळं घर त्या माणसाचे फोटो बघत बसलं. शेवटी गोठ्यात वासराशी झटत खदखदून हसतानाचा फोटो भिंतीसाठी ठरला. निघताना त्या माउलीने आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मागल्या वर्षी मात्र मामांचं काहीतरी बिनसलं. कोणताही फोटो दाखवा, मामा म्हणायचे, "उजेड झ्याक गावलाय!" आणि फोन परत. पुढचा प्रश्न नाही, कोपऱ्यावर बोट नाही. पहिले काही रविवार सगळे खूश होते. मग सगळ्यांनाच चुकल्यासारखं होऊ लागलं. आणि मामांनी पाय दुखतोय म्हणून कट्ट्यावर जाणंच बंद केलं. एक दिवस मी त्यांच्या घरी बसलो असताना दंतवैद्यांच्या खिशातल्या खिशात चुकून फोटो निघून मामांच्या फोनवर आला. काळाकुट्ट. पॅन्टचा खिसा, दुसरं काही नाही. "डॉक्टरांचा फोटो आलाय," म्हणत मी हसत फोन मामांपुढे धरला. त्यांनी काच पुसली, हात लांब केला आणि म्हणाले, "झ्याक! उजेड गावलाय डॉक्टरला."

मला वाटलं विनोद केला. मी मोठ्याने हसलो. मामी हसल्या नाहीत. त्यांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली आणि मामांच्या समोर येऊन बसल्या.

"अवो, तुमास्नी दिसंना झालंय व्हय?"

"दिसतंय की! कडंकडंचं समदं दिसतंय."

"आणि मदलं?"

मामा सदऱ्याच्या टोकाने पुन्हा काच पुसू लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. इंजेक्शनं घेऊन आहे ते टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही. मामा घरी आले आणि फोन कपाटात ठेवून खिडकीशी बसून राहिले. मामींनी जन्मभर या फोटोंना 'रिकामटेकडं काम' म्हटलं होतं. आठवडाभर त्यांनी नवऱ्याचं ते बसणं सहन केलं. मग त्यांनीच फोन बाहेर काढला, दुकानदारांनी पाठवलेला फोटो उघडला आणि सांगायला लागल्या.

"एक बाई हाय. बसलीया."

"कशी बसलीया?"

"बसत्यात तशी."

"कोपऱ्यात काय हाय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई असा कोपरा नसतोय! नीट बघ."

"तुमीच बघा मग!" असं म्हणून मामी तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, "कोपऱ्यात कोंबडी हाय. नुसतं शेपूट दिसतंय." मामा खुर्चीत ताठ झाले. "तरी म्हटलं! शेठला सांग, एक तर कोंबडी आख्खी घे, न्हाईतर सोड."

आता रविवारचा दरबार त्यांच्या गॅलरीत भरतो. मामी चष्मा लावून फोटो सांगतात, मामा डोळे मिटून ऐकतात आणि मग बोलतात. मामी तर आता सावली कुठून पडली तेही सांगतात आणि कधी कधी मामांच्या आधीच "बाई, जरा म्होरं जायला पायजे हुतं" म्हणून मोकळ्या होतात.

गेल्या रविवारी मी त्या दोघांचाच फोटो काढला, गॅलरीच्या दारातून, नकळत, आणि तसाच फोन मामींच्या हातात दिला. मामींनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "एक म्हातारा हाय. डोळं मिटल्यात. दाढी वाढलीया. मान जरा खाली, काय तरी ध्यान दिऊन ऐकतोय."

"आणि?"

"शेजारी एक बाई हाय."

"कशी हाय दिसायला?"

"असंल साठीच्या म्होरची. केस पांढरं झाल्यात."

"कवा?" मामांनी डोळे उघडून त्यांच्या दिशेने मान वळवली. खालून एक रिक्षा गेली. मग मामांनी अगदी हळू विचारलं, "हसतीया का?"

मामींनी फोन केव्हाच मांडीवर उपडा ठेवला होता.

"व्हय," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी बाकीचे फोटो तसेच राहिले.