पडदे बघून घेतलेली गाडी

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांना जन्मात कुणी फसवलं नव्हतं, कारण जन्मभर ते मशीनवरून उठलेच नव्हते. दुकान मुलीकडे सोपवलं आणि उठले, ते थेट जुनी घरगाडी घ्यायला. आत पलंग, शेगडी, बेसिन, खाली चाकं. बायकोला समुद्र दाखवायचं वचन त्यांनी लग्नातच दिलं होतं. उगाच घाई नको म्हणून म्हातारपणापर्यंत थांबले.

विकणारा दलाल बेरकी. त्यानं जागोजागी नवे पडदे टांगलेले. मास्तरांनी ना इंजिन उघडलं, ना छत पाहिलं. पडद्याची कड उलटी करून तुरपाई तपासली आणि म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे."

घरी आणून पडदे धुवायला काढले, तर मागची भिंत काळीठिक्कर. बोट टेकवलं, ते आरपार! बडा घर पोकळ वासा, तोही चाकांवर.

मी तापलो. अन्याय दिसला की मला दम निघत नाही. "मास्तर, दलालाच्या दारात मोर्चा नेतो!"

"आणि घोषणा काय देणार? तुरपाई चांगली होती?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे घोषणा नव्हती.

वहिनींनी मात्र निकाल दिला. "एक थेंब जरी गळला तरी मी यात बसणार नाही. समुद्र बघायचाय मला, डोक्यावर घ्यायचा नाही."

मास्तर इरेला पेटले. कुजक्या फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या. छत गळायचं ते गळतच राहिलं. गल्लीतल्या प्रत्येक रिकामटेकड्यानं सल्ला दिला, मी तर दोनदा. शेवटी वैतागून त्यांनी टेप काढली, छताचं माप घेतलं आणि ताडपत्रीचा रेनकोट शिवला. दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा. माप देताना न हललेलं हे त्यांचं पहिलंच गिऱ्हाईक.

परीक्षेच्या दिवशी वहिनी उघडी छत्री घेऊन आत बसल्या. मी शिडीवरून पाइप धरला. मोर्च्यात आमच्यावर जे फवारे मारतात, त्यांचा सगळा राग त्या छतावर काढला. थोड्या वेळानं आत छत्री मिटल्याचा आवाज आला.

"अहो, बसा आता. निघू या."

मास्तरांनी ऐटीत किल्ली फिरवली. कर्र... आणि शांतता. छताचे लाड करता करता बॅटरी मेली होती.

"उतर गं," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"मी नाही उतरत." वहिनींनी पडदा सरकवून माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, मोर्चा न्यायचा होता ना तुम्हाला? मग ढकला!"

ढकलली. उतारावर गाडी खोकली, धुरानं आमची तोंडं काळी केली आणि सुटली. वळणावर मागच्या खिडकीतला पडदा फडफडताना दिसला. तुरपाई मात्र खरंच चांगली होती.