एक जूनची माणसं

माझा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, आई म्हणाली, "पोळ्याच्या आसपास झाली," आणि गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राला गुरुजींनीच त्या दिवशी जन्माला घातलंय. कुवेतला इस्पितळात आमच्या एक्स-रे विभागात आम्ही तिघं एक जूनचे, केक एकच आणायचो. हा किस्सा मी कितीतरी वर्षं हसून सांगायचे. आता सांगत नाही.

एका मुलीला पोलिसांनी आमच्याकडे वय तपासायला आणलं होतं. रुमैथिया भागातल्या एका घरात ती धुणीभांडी करायची, तिथून पळाली. पासपोर्टवर वय एकतीस. तिशीच्या आतल्या अशा बायकांना आपलं सरकार घरकामासाठी इकडे येऊ देत नाही, म्हणून एजंटाने उरलेली वर्षं पदरची घातली होती. लहान ठरली तर तिला आईकडे धाडणार होते. मोठी ठरली तर कामावरून पळाल्याचा गुन्हा तिच्याच डोक्यावर.

वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. मी हिंदीत म्हटलं, हात सपाट ठेव. साबणाने तळवा चिरला होता. एक्स-रेच्या पाटीवर टेकताच ती कळवळली, "आई गं!"

"कुठली गं तू?"

"देगलूरकडली. तुमी मराठी हाव का, मावशी?" मग हळूच, "ह्या फोटूत खरं काय ते दिसंल का?"

"दिसेल," मी ठासून म्हणाले.

दिसलंही. मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी वाढीची फट असते, वाढ पुरी झाली की ती बुजते. हिची उघडी होती. एकतीस वर्षांच्या बाईच्या हातात ती सापडणं शक्यच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण आमच्या डॉक्टरांनी जपून लिहिलं, अंदाजे सोळा, अधिक-उणे दोन वर्षं. चौकशी अधिकाऱ्याने त्यातलं अधिक तेवढं वाचलं.

"अठराचीही असेल," तो म्हणाला. "खरा कागद असेल तर आणा."

आणला. तिच्या आईने गावच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून माझ्या फोनवर पाठवला. मी पदरमोड करून त्याचं अरबी भाषांतर करून घेतलं. त्यावरून तिला पंधरा पूर्ण झाली होती. जन्मतारीख एक जून.

अधिकाऱ्याने तारखेवर बोट ठेवलं. "तुम्ही हिंदी लोक सगळे याच दिवशी कसे जन्मता? मी रोज बघतो. हा दाखला बनावट आहे."

मी समजावलं, दिवस गुरुजींच्या सोयीचा असतो, साल खरं असतं, आमच्याकडची पद्धतच आहे ती. आणि पुरावा म्हणून मोठ्या तोऱ्यात माझी सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, पुढे केली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि मोकळेपणी हसला.

"म्हणजे सिस्टर, तुमचीही तारीख खोटीच."

दाखला त्याने बाजूला सारला. पासपोर्टवरची तारीख मात्र कशी छान होती, चौदा मार्च. दिवस खोटा, महिना खोटा, साल खोटं, पण एजंट आमच्या गुरुजींसारखा भाबडा थोडाच असतो? चोर सोडून संन्याशाला सुळी.

सज्ञान, असा शेरा पडला. तिला न्यायला आले तेव्हा मी दाराशीच उभी होते.

"मावशी, फोटूत हाड दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं गं."

"मंग?"

पोलिसांनी तिला लिफ्टमध्ये नेलं. ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, लिफ्टचं दार बंद होईपर्यंत.

गेल्या महिन्यात माझी सिव्हिल आयडी पुन्हा नवी होऊन आली. जन्मतारीख एक जून. कुणी काहीही विचारलं नाही.