मुड्यात काय हाय

माझा धाकटा भाऊ बेंगळुरात काँप्युटरवर कामाला लागला, तवा समदे मला इचारायचे, "तुझा भाऊ करतोय काय रं?" मी सांगायचो, "काँप्युटर चालवतोय."

"म्हंजे डायवर?"

"व्हय, डायवरच. पर ह्येची गाडी कुठंच जात न्हाई."

कॅसलरॉक स्टेशनावर च्या पिनारी मानसं हसायची. मीबी हसायचो. मला तरी कुठं काय ठावं हुतं? साळंत मास्तरांनी पयल्याच दिवशी मला पानी आनाय धाडलं, त्ये पानी मी अजून आनतोच हाय.

अव्वा, म्हंजे आमची आय, गेल्यावर रानातल्या घरात मी एकटाच. भाऊ वर्सातनं एकदा गनपतीच्या चवथीला यायचा. पाया पडायचा, मग आमी दोघं सोप्यात बसायचो.

"बरं हाय न्हवं, अण्णा?"

"बरं हाय. गाडी टायमावर आली?"

"आली."

झालं. त्येच्या म्होरं बोलाय त्येच्याजवळ गवं-डुकरं न्हाईत आनि माझ्याजवळ काँप्युटर न्हाई.

नव्वदीनंतरच्या एका चवथीला त्यो कडंला भोकं असलेला लांबच लांब कागद घिऊन आला. सोप्यात उलगडला तर उंबऱ्यापातूर गेला. मी म्हनलो, "रेल्वेचं टायमटेबल काय रं ह्ये?"

"न्हाई अण्णा, प्रोग्रॅम हाय. दुसऱ्यांनी लिवलेला. मी एक हत्यार करतोय. त्ये आसलं प्रोग्रॅम वाचतंय आनि त्यात जेनेरिक कुठं कुठं वापरलंय त्ये हुडकून काडतंय."

"जेनेरिक म्हंजे?"

त्येनं डोकं खाजवलं. "आसं बघ, एक भांडं हाय. करनारा ठरवत न्हाई आत काय घालायचं. जो वापरंल त्यो ठरवनार. भांडं केलंय एकदाच, वापरलंय ढीगभर जागी. कुठल्या जागी आत काय घातलंय, त्ये माझं हत्यार सांगतंय."

"मुडा की रं!" मी म्हनलो.

मुडा म्हंजे भाताच्या पेंढ्याची गोल गठडी, पेंढ्याच्याच दोरीनं गच्च आवळलेली. चुलीच्या वर आढ्याला टांगायची, धुरानं किडा लागत न्हाई. आत बियान्याचं भात घाला, कुळीथ घाला, उडीद घाला, भाईरनं समदे मुडे सारखेच.

भाऊ उठून हुबा ऱ्हायला. "अगदी त्येच अण्णा! माझ्या सायबाला इतकं बेस समजत न्हाई!"

इतक्या वर्सांत पयल्यांदा आमचं बोलनं गाडीच्या टायमाम्होरं गेलं. मला तर वाटलं आता ह्यो मला बेंगळुरात खुर्चीच देतोय. त्या खुशीत माझी अक्कल रानात चराय गेली. मीच म्हनलो, "चल सैपाकघरात, दावतो."

आढं मुड्यांनी भरलेलं. भाऊ खाली हुबा ऱ्हायला आनि म्हनला, "आता मी हत्यार. ह्यात काय?"

"बियानं."

"ह्यात?"

"कुळीथ."

"आनि त्यो कोपऱ्यातला?"

"उडीद," म्हनलो, आनि भाईर जायाला वळलो.

"तू सांगू नगंस. हत्यार मालकाला इचारत न्हाई, सोता बघतंय." त्येनं कोपऱ्यातली काठी घेतली आनि कुळथाच्या मुड्याला खालनं ढोसलं. कुळथानं भरलेला मुडा जाग्यावरनं हालत न्हाई. ह्यो सुगरनीच्या खोप्यावानी झोके घ्याय लागला. दोरीतनं पिवळं तूस भुरभुरून भावाच्या डोस्क्यावर पडलं.

"अण्णा, ह्यात तूस हाय."

"तुझंच जेनेरिक की रं. कायबी घाल."

त्यो हसला न्हाई. एकेक मुडा ढोसत गेला. तूस, तूस, ह्यातबी तूस. चुलीच्या अगदी वरचा एकच तेवढा जड निघाला. त्यो म्हंजे बियान्याचा. भाऊ केसातलं तूस झाडत खाली बसला.

"का रं अण्णा?"

काय सांगू? अव्वा गेल्यापास्नं मी शेताचा खालचा एकच तुकडा लावायचो. एकल्या पोटाला किती लागतंय? वरचं समदं गव्यांनी खाल्लं आसतं. पर अव्वा असताना आमी दोघं भाईरनं आलो की आदी वर बघायचो. आढं भरलेलं दिसलं की मग पाय धुवायचे. भाऊ अजूनबी तसंच करायचा. बेंगळूरची बॅग खांद्यावर, नि नजर आढ्याला. रिकामं दिसलं आसतं तर ह्यो काय म्हनला आसता त्ये मला ठावं हुतं. आनि त्येच त्यो म्हनला.

"घराला कुलूप घालू. तू चल माझ्यासंगं बेंगळूरला."

"तितं मुडे कुठं टांगायचे?" मी म्हनलो. "पंख्याला?"

आता त्येला हसू आलं, पर डोळं भरलं हुतं. धुरानं, आसं त्यो म्हनला. चूल इजलेली हुती.

परत त्येनं चलायचं नाव काडलं न्हाई. जायच्या दिवशी शिडीवर चडून त्येनं सैल झालेल्या दोऱ्या सोता आवळल्या. तुसाच्याबी. मी स्टेशनापातूर गेलो. गाडी हालली तवा खिडकीतनं वरडला, "फुडल्या चवथीला तपासनार हाय मी!"

त्या वर्सी मी वरचा तुकडाबी लावला. रात-दिस डबा बडवून गवं हाकललं. गव्यांपरास माझीच जास्त झोपमोड झाली. तरी एक मुडा भात निघालं, आनि थोडं कुळीथ. दोन नवे मुडे बांदले, गच्च, आनि मुद्दाम तुसाच्या मुड्यांत मिसळून टांगले. म्हनलो, हुडक आता.

चवथीच्या आदी स्टेशनाजवळच्या बूथावरनं फोन लावला.

"सुटी न्हाई गावली, अण्णा. हत्यार गिऱ्हाइकाला द्यायचंय." मग म्हनला, "मुडे हाइत न्हवं वर?"

"हाइत की."

"खरं किती?"

"येऊन ढोसून बघ," म्हनलो. तवर मालगाडी धडधडत आली. त्यो काय म्हनला त्ये ऐकूच आलं न्हाई.

चवथीला गनपती बसवला, निवद दावला, जेवलो. मग काठी घेतली आनि मुड्यांखाली हुबा ऱ्हायलो. "ह्यात काय?" मोठ्यानं इचारलं. "भात," मीच सांगितलं, आनि ढोसलं. तुसाचाच निघाला. सोता टांगलेला, तरी चुकलो. डोस्क्यावरचं तूस झाडाय कोन न्हवतं, म्हनून तसंच ठेवलं आनि फुडचा मुडा ढोसला.