द्वारकाकाकींच्या चुलीचा परवाना

नगरपालिकेत दुकान-परवान्यांच्या टेबलावर माझी उमर गेली. सुक्या मासळीचा वास सदऱ्याला लागावा तसे हे किस्से अंगाला लागलेत. कितीही धुवा, जात नाहीत. कुणाच्या लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा म्हणतो, "भाऊ, त्या खानावळीचं सांगा." नुकताच महाराष्ट्र झाला होता, तेव्हाची गोष्ट.

*

आमच्या बाजारपेठेसाठी जुना नियम होता : राहतं घर आणि धंदा एका छपराखाली नको. आणि आमच्या पेठेत तर पुढे ओटीवर दुकान, मागे बिऱ्हाड! एका गूळवाल्याला इन्स्पेक्टरांनी विचारलं, तुमचं दुकान कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं?

तो म्हणाला, "सायबानू, मांडी घालून बसलंय की दुकान, पाय पसरलंय की घर."

इन्स्पेक्टर बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिले.

*

याच नियमात द्वारकाकाकी अडकल्या. नवरा मचव्यावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, छातीच्या दुखण्यानं कायमचा घरी बसलेला. काकींच्या हाताला चव होती. एसटीचे ड्रायव्हर आणि बाजारकरी यांच्यासाठी ओटीवर खानावळ काढायची, एवढंच त्यांना हवं होतं. नाही जमलं तर घर विकून आचऱ्याला भावाच्या दारात जायचं. मला फार वाईट वाटायचं, पण पाच टेबलांवर पाच सह्या लागत आणि माझं टेबल त्यातलं फक्त एक.

परवान्यासाठी दारावरची पाटी मंजूर हवी आणि पाटी मंजूर करायला परवाना हवा. दोन्ही टेबलांवर फिरून आल्यावर काकींनी मला शांतपणे विचारलं, "मगे माजी चूल खंय पेटतली? तुमच्या दोन टेबलांच्या मधी?"

*

काकी थांबल्या नाहीत. त्यांनी जेवण घालायला सुरुवात केली. इन्स्पेक्टर धाड घालायला गेले तर ओटीवर माणसांची पंगत. कोण ही माणसं? काकी म्हणाल्या, पाहुणे. एवढे पाहुणे? काकींनी आणखी एक पाट मांडला. "तुमी उबे कित्याक? बसा."

साहेब परत आले ते चार वाजता, सुस्तावून. धाडीचं काय झालं, असं कुणीच विचारलं नाही. मिशीला सोलकढी लागलेली दिसत होती.

*

मग घाटावरचे एक नवे चीफ ऑफिसर आले. त्यांनी हुकूमच काढला : घर-दुकानाचा जुना नियम बंद, छोट्या धंद्याला एकच अर्ज आणि एकच सही. फक्त शेजाऱ्यांना जागेवर विचारायचं, हरकत नसली की परवाना हातात. आमचे हेडक्लार्क दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ही सोपी पद्धत सुरू करायची फाइल तयार केली आणि पाचही टेबलांवर सहीसाठी फिरवली!

*

पहिली सुनावणी काकींच्याच अंगणात झाली. शेजारी बापू, कापडाचे व्यापारी. बांगडे तळल्याचा वास लुगड्यांना लागतो, ही त्यांची हरकत, आणि ती ते मागे घेणार नव्हते. बापू नाही म्हणाले की अर्ज बाद. काकी पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

सुरू करण्याआधी देवाला नारळ ठेवू, एवढंच त्या म्हणाल्या. चीफ ऑफिसर साहेबांनी मान डोलावली. गाऱ्हाणं घालायचा मान पेठेतल्या सगळ्यात वयस्कर तात्यांचा. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेले सगळे हात जोडून होकार देतात. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं.

तात्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकीन चूल मांडूचा मनात आणल्यान आसा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शेजारच्या बापूच्या दुकानाक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बापूंचा आवाज सगळ्यांच्या वर.

तात्यांनी दम घेतला नाही. "आणि बापूची जी काय हरकत आसा, ती आत्ताच्या आत्ता मिटान जाव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बापूंचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, आवाज खणखणीत.

मग बापूंनी हळूच एक डोळा उघडला. साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "बापू, तुमची काही हरकत?"

बापूंनी नारळाकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, टोपी काढून कपाळ पुसलं.

"आता माका कित्याक इचारतास, सायबानू? नारळ फोडा."