रुद्राप्पाची छऱ्याची बंदूक

मंगळवार पेठेत आमच्या घराला लागून रुद्राप्पाचं लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट आणि उसाच्या चरकाचे सुटे भाग करणं हा त्याचा धंदा. आवाज मोठा, कारण दिवसभर लेथशेजारी उभं राहून त्याला सगळं जग बहिरं वाटतं. माझे यजमान गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं माझ्या पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग न विचारता बदललं आणि वर मलाच रागावला, की एवढी कुरकुर चालली होती तर सांगायचं न्हाय का वैनी.

बंदुकीचं वेड त्याला हंबीररावांनी लावलं. हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, एका क्लबात मुलींना नेमबाजी शिकवायचे. छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग बदलून घ्यायला आले असता ते सहज बोलून गेले, की दर छऱ्याला नळी वाकवायची, छर्रा घालायचा, पुन्हा खांद्याला लावायची, यातच मुलींचे हात भरून येतात आणि नेमाकडे लक्ष राहत नाही. ते स्प्रिंग घेऊन गेले. रुद्राप्पा मात्र त्या दिवसापासून कामाला लागला. चाप ओढला की छर्रा सुटावा आणि पुढचा आपोआप जागेवर यावा, अशी बंदूक त्याला करायची होती.

परदेशी बंदुकांचं एक माहितीपत्रक हंबीररावांनी मिळवून दिलं. इंग्रजी मी वाचायची आणि मराठीत सांगायची. चित्र दिसलं की रुद्राप्पा मला थांबवायचा, कारण पुढचं त्याला चित्रावरूनच कळायचं. दारूच्या बंदुकीला परवाना लागतो, म्हणून त्यानं हवेवरच चालवायचं ठरवलं. हवा आधी नळकांड्यात भरून ठेवायची. त्यातली थोडी छऱ्याला ढकलते आणि उरलेली मागचा दांडा सरकवून दुसरा छर्रा आत घेते. सांगायला एवढंच. करताना कधी दोन छर्रे एकदम आत जात, कधी एकही जात नसे. आठवड्याच्या सुट्टीचे सगळे सोमवार त्यात गेले, आणि पुढे पुढे इतर वारही.

बायको बसव्वा निपाणीकडची, कमी बोलणारी. पंपाची गिऱ्हाइकं परत जायला लागली तेव्हा तिनं सांगून टाकलं, की दसऱ्यापर्यंत काय ते करा, नंतर ही भानगड घरात नको. रुद्राप्पानं कबूल केलं. दसऱ्याला सकाळी हंबीररावांनी यायचं, बंदूक पसंत पडली तर क्लबात न्यायची, नाहीतर ती मोडीत घालून पुन्हा पंप करायचे. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. लेथ बंद, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. बसव्वानं ओल्या विभूतीचे तीन पट्टे लेथला ओढले, पान्यांना ओढले आणि बंदुकीलाही ओढले. तिनं बंदुकीचं जरा जास्तच मनापासून केलं. यश त्याच हत्याराला हवं होतं ना.

दसऱ्याला अंगणात वाळूच्या पोत्यावर कागद लावला. पहिला छर्रा नीट गेला. दुसरा आलाच नाही. रुद्राप्पानं बंदूक खोलली तर छर्रा जायच्या फटीतून आत गेलेल्या विभूतीचा पांढरा चिखल वाळून बसलेला.

हंबीरराव हसून म्हणाले, "रुद्राप्पा, तुझ्या बंदुकीनं भस्म फासलंय. आता तिला कसला नेम आन कसलं काय."

रुद्राप्पाला हसू आलं नाही. त्यानं सगळा राग बसव्वावर काढला. ती पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "देवाचं भस्म सोसंना, ती कसली बंदूक? मैदानावर काय धूळ नसती व्हय?"

घरात अबोला झाला. भाकरी वेळेवर मिळत होती, पण ताट जरा जोरात आपटलं जाई. दिवाळीच्या पाडव्याला तो माझ्याकडे फराळाला आला तेव्हा म्हणाला, की मोडीत घालायचा शब्द दिलाय, पण ती बोलली ते खोटं न्हाय. मी म्हटलं, हे मला कशाला, तिला सांग. त्यानं कसं सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेथ सुरू झाला आणि बसव्वा चहा घेऊन वर्कशॉपात जाताना दिसली. एवढं मात्र तिनं ठरवून घेतलं, की दिवसा पंप, बंदूक दिवे लागल्यावर.

छर्रा आत जायच्या फटीवर आपोआप मिटणारं झाकण हवं होतं. पहिलं झाकण जड झालं. त्यालाच ढकलण्यात हवा संपायची आणि छर्रा कागदाला जेमतेम टेकायचा. मग घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगची पातळ पट्टी आली. ती तुटायची. असं करत दीड वर्ष गेलं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तेवढ्यात दोनदा आखूड झाला, कारण तो मुलींसाठी आहे हे रुद्राप्पा पहिल्यांदा विसरलाच होता.

पुन्हा हंबीरराव आले. या खेपेला रुद्राप्पानंच बसव्वाला बंदुकीवर विभूती टाकायला सांगितलं. तिनं साफ नकार दिला. देवाचं भस्म परीक्षा घ्यायला नसतं, म्हणाली. आत जाऊन चुलीतली राख घेऊन आली आणि रुद्राप्पाकडे बघत मूठभर बंदुकीवर सोडली. मग आणखी एक मूठ. रुद्राप्पाचे हात पुढे आले होते, ते त्यानं मागे घेतले.

हंबीररावांनी बंदूक खांद्याला लावली. एकामागून एक छर्रे गेले, बंदुकीतली छऱ्यांची डबी रिकामी होईपर्यंत. त्यांनी कागद पाहिला, शर्टावरची राख झटकली आणि ही मी नेतो म्हणाले.

तशा फार बंदुका त्यानं केल्या नाहीत. पुढे क्लबात परदेशी आल्या आणि त्यांच्याबद्दल तो आजही चांगलंच बोलतो. पण ती पहिली बंदूक नेल्यावर महिन्याभरानं क्लबातून निरोप आला, की झाकण मुलींच्या बोटाला चिमटा काढतं, दुरुस्त करून द्या. मला वाटलं याला वाईट वाटेल. तो मात्र गल्लीत दारोदार सांगत सुटला. माझ्या दाराशी आला तेव्हा बसव्वाही मागे उभी होती.

"वैनी, तक्रार आलीया," तो म्हणाला. "म्हंजे पोरी रोज वापरत्यात की."