आक्काच्या बोटांतला तुंबा

बेळगावच्या कॉलेजात शिकायला निघालो, तेव्हा आक्का तंबाखूच्या वखारीतून तशीच निपाणीच्या स्टँडवर आली होती. केसांवर, भुवयांवर तंबाखूची धूळ. बसमधली माणसं शिंकायला लागली, तसा मी खिडकीपासून थोडा आत सरकलो. तिच्या ते ध्यानात आलं असणार. कडेला उगवलेलं तुंब्याचं रोपटं उपटून तिनं माझ्या हातात दिला. "वास घिऊन काय कळत न्हाय रं. दांडा फिरीव बोटात."

आक्का माझी थोरली बहीण. वखारीत पानं चाळून चाळून तिचं नाक मेलं होतं. श्रावणात महादेवाला तुंब्याची पांढरी फुलं लागत. ती वेचताना शेजारणी पान चुरगळून हुंगायच्या, आक्का दांडा चिमटीत फिरवायची. चौकोनी दांड्याच्या चार धारा बोटांना लागल्या की तुळशीच्या कुळातलं. पानं समोरासमोर, एक जोडी उभी तर तिच्या वरची आडवी. अरुंद पानांचा तो आपला तुंबा. रुंद पानांचा, लिंबाएवढ्या गोंड्याचा, तो त्याचा थोरला भाऊ. डोळे मिटूनही तिची चूक होत नसे. पुढे जाडजूड ग्रंथ चाळले, पण याहून सोपी रीत मला सापडली नाही.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत फुलं झडलेली, सुकलेली डहाळी समोर आली. वास उडालेला. बाकीची पोरं हुंगत बसली. मी दांडा फिरवला, पानांच्या जोड्या पाहिल्या आणि नाव लिहिलं. परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हणालो, "कुणी नाही सर, माझं मीच." बहीण वखारीत आहे, हे त्या हॉलमध्ये सांगायची मला लाज वाटली.

त्या वाक्याच्या जिवावर पुण्यात नोकरी झाली, रानफुलांचं पुस्तक झालं. प्रस्तावनेतही तेच छापलं.

आता नवी आवृत्ती निघते आहे. नवी प्रस्तावना घेऊन गेल्या महिन्यात निपाणीला गेलो. निपाणीच्या अलीकडे कोगनोळीला बस थांबली, तिथं उतरून तुंबा तोडून घेतला. आक्काला आता दिसत नाही. मी वाचून दाखवलं: ही विद्या माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे, मी खोटं बोललो होतो. ती दांडा फिरवत ऐकत होती.

"वखारीचं लिवलंस?"

लिहिलं नव्हतं. कबुली देतानाही मी खिडकीपासून आत सरकलो होतो.

"मग आर्धंच लिवलंस. नाक मेलं म्हणून तर बोटं श्यानी झाली. त्येच गाळलंस तर लोकांस्नी वाटंल, देवानं सपनात सांगितलं."

तिच्या खाटेवर बसून पेननं वखार लिहिली. तिनं परत वाचायला लावलं आणि हसली. "आता तुझी पुण्याची माणसं शिंकतील बग."

गाव सोडून आलेले आम्ही भेटलो की घराच्या वासाविषयी बोलत बसतो. मला वास नाही, दांडा आठवतो. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी तुंबा उगवतो. फिरताना थांबून दांडा चिमटीत धरतो. चार धारा बोटांना लागतात आणि मी निपाणीच्या स्टँडवर, बसच्या खिडकीला अगदी चिकटून बसलेला असतो.