चार हिरवी बटणं

आमचे हे गेले, तेव्हाही त्यांना हे ठाऊक नव्हतं. मुलांना अजून नाही. रोज गणपतीसमोर हात जोडते तेव्हा बाकी सगळं सांगते — दुखणं, खुपणं, शेजारणीचा आगाऊपणा — आणि एवढं एक गाळून टाकते. जसं काही त्याला कळणारच नाही! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

गोष्ट आहे चार बटणांची. हसू आलं ना? येऊ द्या.

आधी मी कोण ते सांगते. रत्नागिरीच्या जरा बाहेर आमची वाडी. एका अंगणात दोन घरं — एक आमचं, एक धाकट्या दिरांचं. मी थोरली सून. घरात आणि वाडीत माझ्या शब्दाला वजन. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची थोरली वाकडं बोलेल, पण खोटं नाय बोलायची." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

मी घरी शिवणकाम करायची. वाडीतल्या बायकांची पोलकी, पोरींचे परकर, दोन्ही घरांतल्या मुलांचे कपडे — सगळं माझ्या मशीनवर. शालन — म्हणजे माझी धाकटी जाऊ — तिची एकुलती वैशू, तिचं पहिलं अंगडं ते शाळेचा युनिफॉर्म, सगळं मीच शिवलेलं. मग दीर मस्कतला गेले. क्रेनवर काम. दोन वर्षांनी एकदा यायचे, चाळीस दिवसांच्या रजेवर. पहिल्या खेपेला येताना त्यांनी वैशूसाठी तयार फ्रॉक आणला — मऊ, लेसचा, आतून अस्तर लावलेला. शालन म्हणाली, "वैनी, आता तुम्हाला तेवढाच त्रास कमी."

त्रास! मी त्या फ्रॉकाची शिवण उलटी करून बघितली. एक टाका चुकलेला नव्हता. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही. टेपरेकॉर्डर आला, दुखलं. शालनच्या अंगाला तो परदेशी वास यायला लागला, दुखलं. आमचे हे कचेरीतून सायकल ढकलत यायचे, पायजमा चढवून पेपर घेऊन बसायचे. वाईट माणूस नव्हता हो. पण दुसऱ्याच्या नवऱ्याशी तुलना करायला बसलं की आपला नवरा कधी पुरा पडलाय?

तर — ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुंबई-गोवा बोट तेव्हा चालू होती. मे महिन्यात दीर रजेवर आले आणि म्हणाले, "सगळ्यांनी बोटीनं गोव्याला जायचं. खर्च माझा." आमच्या ह्यांनी रजा नाही म्हणून सांगितलं. रजा होती. भावाच्या पैशानं फिरायचं नव्हतं, एवढंच. मला मात्र मुलांसाठी जावंच लागलं. मिलिंद दहाचा, संजू सातचा. बोट म्हटल्यावर दोघं रात्रभर झोपले नव्हते.

निघताना दिरांनी माझ्या हातात नोटा ठेवल्या. "वैनी, पोरांच्या खाऊचं तुम्ही बघा. मी दिले तर हे लाडावतील. तुम्ही बरोबर सांभाळता."

सांभाळलं की मी! मी बटणांच्या डब्यातून बटणं काढली. प्रत्येक मुलाला पाच. मिलिंदला काळी, संजूला पांढरी, वैशूला हिरवी — एका बाईच्या झग्याची उरलेली, कैरीच्या रंगाची. दोऱ्यात ओवून सेफ्टी पिनेनं प्रत्येकाच्या छातीवर लावून दिली. एक बटण म्हणजे एक खाऊ. वडा असो, आइस्क्रीम असो नाहीतर थंडगार बाटली असो. बटण माझ्याकडे द्यायचं, मी खाऊ घेऊन द्यायचा. बटणं संपली की खाऊ संपला — रडारड चालायची नाही. दीर इतके खूश झाले की बोटीत शेजारच्या सतरंजीवरच्या लोकांना त्यांनी ते दाखवलं. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मिलिंद आणि संजूची बटणं पणजीतच उडाली. माझीच पोरं ती — समोर दिसेल ते हवं. वैशूनं एक वापरलं आणि चार तशीच ठेवली. परतीच्या बोटीत ती मधूनच छातीवर हात ठेवून चाचपून बघायची. दिरांनी विचारलं, "काय गो, खायचं नाय काय तुला?" तर म्हणाली, "रत्नागिरीचं दीपगृह दिसलं की चार बाटल्या घ्यायच्या. एक माझी, एक तुझी बाबा, आणि मिल्या-संजूला एकेक. त्यांची संपली ना!"

दीर हसले. "बघा वैनी. माझी लेक हातचं राखून हाय."

आता तुम्ही म्हणाल, यात रागावण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पोर किती गोड बोलली! आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्या मुलांना ही आठ वर्षांची पोर पाजणार? माझी मुलं खादाड आणि ही दानशूर? ती घेत असती, हट्ट करत असती, तर मला ती आवडली असती. पण ती देत होती, बापासारखीच.

त्यात दिरांनी तिला खांद्यावर घेतलं आणि कठड्याशी नेऊन एकेक बंदर दाखवायला लागले. मिलिंद माझ्याजवळ बसून बघत होता. एकदम म्हणाला, "आई, काका आपले बाबा असते तर?"

मी त्याची कॉलर सारखी केली. पण खरं सांगू? तोच प्रश्न माझ्या मनात आधीपासून होता. पोरानं फक्त मोठ्यानं विचारला.

जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले. डेकवर कापड ताणलेलं, त्याच्या सावलीत सतरंज्यांवर माणसंच माणसं. दीर आणि शालन चहा आणायला गेले होते. वैशू माझ्या शेजारी, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. मी पिन उघडली. दोरा बाहेर ओढला, चारही बटणं त्याच्यासकट कनवटीला लावली. आणि पिन पुन्हा बंद केली. शिवणाऱ्या बाईची सवय — उघडी पिन पोराच्या अंगावर कशी ठेवणार? टोचेल ना!

बघा, मला तिला टोचू द्यायचं नव्हतं. असलं माझं मन.

तेव्हा वाटलं होतं, जरा शोधाशोध करू दे, जरा जीव खालीवर होऊ दे, मग म्हणेन, ही घे, पडली होती. खरंच तसं वाटलं होतं का, की हे मी नंतर जोडलं? आता सांगता येत नाही.

पूर्णगड मागे पडलं. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडलं, दीपगृह दिसलं. वैशू धडपडत उठली, छातीवर हात नेला. नुसती पिन.

"काकी, माझी बटणं?"

तेव्हा कनवटीत हात घालायला हवा होता. अगदी सोपं होतं ते. पण दीर समोरच चहाचा कप घेऊन उभे होते, शालन उभी होती, मुलं डोळे लावून बसली होती. मी म्हणाले, "संपली ना गो? दोन तू जेवणाआधी दिलीस, दोन जेवण झाल्यावर. विसरलीस?"

"नाय काकी. मी एकच दिलंय. खरंच."

शालन म्हणाली, कुठंतरी पडली असतील. आणि इथं त्या हुशार पोरीनं स्वतःचा घात करून घेतला. म्हणाली, "पडतील कशी? पिन बंद हाय!"

दिरांनी ती पिन बघितली. घट्ट बंद. "म्हणजे तूच काढलीस. खाल्लंस ते खाल्लंस, आणि वर खोटं बोलतेस? वैनी काय खोटं बोलतील?"

"मी नाय काढली."

त्यांनी तिच्या गालावर एक चपराक दिली. एकच. त्यांनी तिला त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतं. डेकवरची माणसं वळून बघायला लागली. वैशू रडली नाही. ती पिन काढून हातात घेतली आणि उघडत राहिली, बंद करत राहिली. बोट लांब उभी राहिली, आम्ही पडावात उतरलो, धक्क्याला लागलो — तोवर तिचं तेच चाललेलं. बटणं माझ्या कमरेला रुतत होती.

एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. पण माझी खरी गोष्ट पुढे आहे. मी इतका वेळ तिच्या भोवतीच फिरतेय.

रजेचे अकरा दिवस उरले होते. वैशू बापाजवळ जाईना. जेवायला बसली तर पलीकडच्या टोकाला. त्यांनी फणस फोडून गरे पुढे केले, "नको." सिनेमाला चल म्हणाले, "नको." गडीमाणूस, माफी मागायची कशी ते कुणी शिकवलेलं नाही, नुसता अंगणात येरझारा घालायचा. मी मशीनवर बसून खिडकीतून बघायची. आणि — लिहितेच आता — मला बरं वाटायचं. म्हणजे त्यांच्याकडेही सगळं नव्हतं तर! दोन वर्षांनी येणारा बाप आणि त्याच्याशी न बोलणारी लेक. माझी पोरं निदान माझ्या नवऱ्याच्या सायकलवर बसायची.

जायच्या दिवशी एस.टी.ची वेळ झाली तरी वैशूचा पत्ता नाही. हाका मारून सगळे दमले. शेवटी दीर बॅग घेऊन माझ्या दारात आले. डोळे लाल. म्हणाले, "वैनी, तिला एवढं सांगा, मी रागावलो नाय. बटणं खाल्लीन तर खाल्लीन. मी मारायला नको होतं. तुमचं ती ऐकते. सांगाल ना?"

मी म्हणाले, "सांगते हो भावजी. तुम्ही निर्धास्त जा."

ती आमच्याच मागच्या पडवीत, लाकडांच्या आडोशाला बसली होती. मी तिला सकाळीच बघितलं होतं.

आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कधीच नाही. यात माझी चोरी उघडी पडणार नव्हती, मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. नुसता निरोप! साधी दोन वाक्यं बोलायची. संध्याकाळी तिनं स्वतः येऊन विचारलं, "काकी, बाबा जाताना काय बोलला?" मी सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "काय बोलणार? घाईत होते."

ती मान हलवून गेली.

पुढच्या रजेला दीर आले तेव्हा ती दहाची होती. दारात उभी राहिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुम्ही कसे आहात?" आधी ती त्यांना अरेतुरे करायची. दिरांच्या हातातली चॉकलेटं तशीच राहिली. शालन म्हणाली, पोरगी शहाणी झाली. सगळ्यांना पटलं.

ती आता खेडला शाळेत शिकवते. मुलं आहेत. दीर केव्हाच परत आले, थकले, अंगणापलीकडेच राहतात. गेल्या मे महिन्यात ती आली होती. तिचा धाकटा काहीतरी फोडून नाही म्हणत होता. आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली, "मीपण बोलले होते एकदा खोटं. चार बटणांसाठी. बाबांनी मारलं मला, बरं केलं. विचार काकीआजीला."

मला वाटलं होतं, तिला आठवत असेल की ती खरं बोलत होती. निदान तेवढं तरी तिच्याकडे असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तेही नाही. माझं खोटं तिनं स्वतःचं म्हणून सांभाळलंय, आणि आता पोरांना शिकवण म्हणून देतेय.

दीर आरामखुर्चीतून म्हणाले, "नाय गो, माझंच चुकलं तेव्हा."

"तुमचं काय चुकलं बाबा? मीच खाल्ला असणार खाऊ." ती हसली आणि माझ्याकडे वळली. "काकी, किती वेळा गो मारलं होतं त्यांनी मला?"

"एकदाच," मी म्हणाले.

तेवढ्यात तिच्या पोरानं शर्ट पुढे केला. वरचं बटण तुटलेलं. "काकी, लाव ना," ती म्हणाली, "तुझ्याकडे डबा असतो."

मी डबा आणला, त्या सगळ्यांच्या मध्ये बसून उघडला. हिरवी चार तळाशी आहेत, त्याच दोऱ्यात. मी त्यांच्यावरचं एक पांढरं उचललं, शर्टाला लावलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि डब्याचं झाकण लावलं.